विजेची चाळण

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर भरले होते. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली एक छोटी डबी आणि डबीतून निघालेल्या वायरच्या टोकाला धातूचे नळकांडे. नाव, वय, उंची, वजन सांगायचे, नळकांडे मुठीत घट्ट धरायचे आणि मिनिटभर थांबायचे. मग प्रिंटरमधून पंचवीस-तीस पाने बाहेर येत. यकृतातली चरबी, मूत्रपिंडाची ताकद, हाडांतले कॅल्शियम, मेंदूचा रक्तपुरवठा, प्रत्येकापुढे आकडा आणि शेरा. तळमजल्यावरच्या काकूंच्या कागदावर ‘स्वादुपिंड: मध्यम बिघाड’ असे आले. त्यांना रात्रभर झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच टेबलावरून गोळ्यांचे दोन डबे विकत घेतले. शेजारच्या काकांचे नेमके उलटे झाले. कित्येक महिने जिना चढताना त्यांच्या छातीत भरून येत होते. कागदावर ‘हृदय: सामान्य’ दिसले आणि डॉक्टरकडे जाणे त्यांनी पुढे ढकलले.

यंत्रापाशी बसलेला मुलगा प्रत्येकाला सांगत होता, की शरीरातली प्रत्येक पेशी विजेवर चालते आणि हे यंत्र ती वीज वाचते. त्याचे पहिले विधान बरेचसे खरे आहे. दुसरे खोटे आहे. पण शरीरातली वीज वाचून आजार आधीच ओळखता येईल का, हा प्रश्न मात्र खोटा नाही. त्यावर दीडशे वर्षे गंभीर काम झाले आहे. काही ठिकाणी त्याला मोठे यश आले, काही ठिकाणी हुशार माणसांच्या हाती काहीच लागले नाही, आणि या दोन्हींतला फरक समजून घेतला तर शिबिरातल्या टेबलासमोर आपण फसत नाही.

आधी ही वीज येते कुठून ते पाहू. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असते, बाहेर सोडियम जास्त. पेशीच्या पडद्यातले पंप हा फरक रात्रंदिवस राखतात, त्यामुळे पडद्याची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण राहते. चेतापेशीत हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट, हृदयाच्या स्नायुपेशीत सुमारे ९०. यकृताच्या पेशीतही तो असतो. पण चेता, स्नायू आणि हृदय यांच्या पेशींना एक गोष्ट येते जी यकृताच्या पेशीला येत नाही: क्षणात तो फरक उलटवायचा आणि शेजारणीलाही उलटवायला लावायचा. हजारो पेशी एका दिशेने, एका वेळी असे करतात तेव्हा त्याची लाट कातडीपर्यंत पोहोचते. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसे गप्पा मारत असतात, रस्त्यावरच्या माणसाला त्यातला शब्दही कळत नाही. मंगलाष्टके संपून एकदम टाळ्या वाजल्या की मात्र त्याला कळते, लग्न लागले. कातडीवर इलेक्ट्रोड लावणारा डॉक्टर असाच रस्त्यावर उभा असतो. त्याला टाळ्या ऐकू येतात, गप्पा नाहीत. हृदयाची टाळी कातडीवर सुमारे एक मिलिव्होल्टची असते. डोक्यावरच्या कातडीवर मेंदूची लाट दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची, म्हणजे त्याहून कितीतरी क्षीण. कानाच्या चेतेची लाट तर एका मायक्रोव्होल्टहूनही लहान. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड टाळ्या वाजवत नाहीत. त्यांच्याबद्दल मुठीतल्या नळकांड्याला काही कळण्याचा मार्गच नाही. त्या नळकांड्यात जे बदलते ते तळहाताचा घाम आणि मुठीचा दाब.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीने बेडकाच्या पायातल्या विजेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, ही कथा शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना ठाऊक असते. माणसाच्या हृदयाची वीज शरीर न उघडता पहिल्यांदा टिपली ती ऑगस्टस वॉलरने, १८८७ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये. बारीक नळीतल्या पाऱ्याची हालचाल प्रकाशात धरून त्याची छायाचित्रे घेणारे त्याचे साधन होते. आपले प्रयोग तो ‘जिमी’ नावाच्या आपल्या बुलडॉगवर करून दाखवी. कुत्र्याचा पाय मिठाच्या पाण्यात ठेवला की झाले. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक झाल्यावर प्राण्यावर क्रूरता झाली का, असा प्रश्न ब्रिटिश संसदेत विचारला गेला आणि ते पाणी साधे मिठाचे होते, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. रुग्णालयांत या चाचणीचा फारसा वापर होईल असे वॉलरला स्वतःलाच वाटत नव्हते.

तिला उपयोगी करण्याचे काम हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेनने केले. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा केसाहून बारीक धागा चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणायचा, त्यातून हृदयाची वीज वाहू द्यायची आणि धाग्याची थरथर मोठी करून छायाचित्राच्या पट्टीवर उतरवायची, असे त्याचे यंत्र होते. त्याचे वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य होते, म्हणून १९०५ मध्ये त्याने रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यात टेलिफोनची तार जोडली आणि दीड किलोमीटरवरून ईसीजी घेतला. आज गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ईसीजी मोबाइलवर शहरातल्या डॉक्टरकडे जातो, त्या कल्पनेचा जन्म तिथला. पट्टीवरच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्याचीच. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

पण ईसीजीचे हे यश निदानाचे होते. माणूस छातीत दुखते म्हणून आला, त्याचा ईसीजी काढला आणि हृदयविकाराचा झटका सापडला: हे निदान. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाला बोलावून त्याच्यात दडलेला आजार शोधणे ही वेगळीच गोष्ट आहे. तिला ‘चाळणी तपासणी’ म्हणतात आणि शब्द नेमका आहे. चाळण दगड ओळखत नाही, फक्त अडकेल ते वर ठेवते. वर राहिलेले हाताने निवडावेच लागते. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी या चाळणीचे दहा निकष लिहिले. आजार महत्त्वाचा असावा, त्याला लक्षणांआधीचा काळ असावा, चाचणी लोकांना मान्य होईल अशी असावी, सापडलेल्यावर उपचार असावेत आणि ते मिळावेत, अशा त्यातल्या काही अटी. वाचायला साध्या वाटतात. पुष्कळ चाचण्या त्यांच्यावर आपटून फुटतात.

विजेच्या चाळणीची एक जुनी गोष्ट मला फार शिकवणारी वाटते. १९३० च्या दशकात येल विद्यापीठातले शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरोल्ड सॅक्स्टन बर यांनी असा विचार मांडला, की प्रत्येक सजीवाभोवती विजेचे एक क्षेत्र असते, तेच त्याच्या वाढीचा आराखडा ठरवते आणि आजारात ते आधी बिघडते. बर भोंदू नव्हते. संवेदनक्षम व्होल्टमीटर वापरून ते झाडे, ससे, माणसे यांच्यावर वर्षानुवर्षे नोंदी घेत. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमधले स्त्रीरोगतज्ज्ञ लुइस लँगमन यांच्याबरोबर त्यांनी बायकांच्या गर्भाशयमुखावर एक इलेक्ट्रोड आणि पोटावर दुसरा ठेवून त्यांतला व्होल्टेज मोजला. कर्करोग असलेल्या पुष्कळ बायकांत तो उलटा दिसला. १९४७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निबंध छापून आला. चाचणी काही मिनिटांची होती, त्यात ना रक्त लागत होते ना सूक्ष्मदर्शक.

त्याच शहरात, त्याच दशकात, कॉर्नेलच्या रुग्णालयात जॉर्ज पापानिकोलाउ गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर पसरून रंगवत होते. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांचा निबंध १९४१ चा, पुस्तक १९४३ चे. त्यांची पद्धत संथ, वेळखाऊ, डोळे शिणवणारी. जगाने ती स्वीकारली आणि बर यांची पद्धत विस्मरणात गेली. माझ्या मते कारण बर यांच्याच आधीच्या कामात होते. स्त्रीच्या बीजकोशातून बीज बाहेर पडते तेव्हाही व्होल्टेज बदलतो, असे त्यांनीच नोंदवले होते. पाळी, जंतुसंसर्ग, सूज, स्राव, सगळ्यांनीच तो बदलतो. म्हणजे त्यांचे यंत्र ‘इथे काहीतरी चालले आहे’ एवढेच सांगत होते. पापानिकोलाउ यांच्या काचपट्टीवर स्वतः बिघडलेली पेशी दिसत होती.

ही गोष्ट पुढे आपल्या दारात येऊन संपते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणी, आणि तिच्यात सापडलेल्यांवर उपचार, एवढ्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने तर आणखी साधे साधन वापरले, सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचेच द्रव्य. ते लावले की बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना ते पाहायला शिकवले होते. सुमारे दीड लाख बायका, बारा वर्षांचा पाठपुरावा, मृत्यूंत ३१ टक्के घट. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी काही बायकांना तपासणीविना ठेवले होते, त्यावर नंतर कडक टीका झाली आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. पण चाळणीबद्दल त्यांनी जे शिकवले ते अमोल आहे. व्हिनेगर यशस्वी झाले, कारण त्यात सापडलेल्या बाईसाठी उपचाराचे टेबल तयार होते.

कर्करोगाच्या विजेचा शोध मात्र थांबला नाही. कर्करोगी पेशींच्या पडद्यावरचा व्होल्टेज बऱ्याचदा निरोगी पेशीपेक्षा कमी असतो, हे खरे आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तनावरच्या कातडीचे व्होल्टेज मोजून गाठींची छाननी करण्याचा एक युरोपीय अभ्यास आला, ६६१ बायकांचा. तेव्हा आशा वाटली होती. पंचवीस वर्षे उलटली, तरी जगातल्या कुठल्याही देशाच्या स्तनकर्करोग चाळणीत ही पद्धत नाही. टाळी वाजवणाऱ्या अवयवांकडेच परत जाऊ.

पहिले हृदय. आपल्याकडे ईसीजीवर लोकांचा विलक्षण विश्वास आहे. हातापायांना चिमटे, छातीवर जेली आणि रबरी फुग्यांच्या वाट्या, कागदाची गुलाबी चौकटींची पट्टी, आणि वर डॉक्टरांचे दोन शब्द: ‘ईसीजी नॉर्मल.’ घरी आल्यावर माणूस सांगतो, हृदय चांगले आहे. आडवे पडून काढलेला ईसीजी त्या दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसे मिळत असेल तर रक्तवाहिनीत मोठा अडथळा असूनही पट्टी निर्दोष येऊ शकते. शेजारच्या काकांचा ईसीजीही पुढे नॉर्मलच आला. पण त्या डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवून जिन्याबद्दल विचारले आणि त्यांची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे चालता चालता ईसीजी, केली. तीन मिनिटांत पट्टीवरची रेघ खाली उतरली. काकांना त्यांच्या तक्रारीने वाचवले, त्या तक्रारीवर विश्वास ठेवणाऱ्या डॉक्टरने वाचवले.

उलट बाजूही आहे. यंत्र हल्ली स्वतःच वर छापते: ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. डाव्या-उजव्या हाताचे चिमटे चुकून बदलले, लाल पिवळ्याच्या जागी गेला, तरी ते तसे छापते. तरुण, सडपातळ, व्यायाम करणाऱ्या माणसाच्या पट्टीत निरुपद्रवी वेगळेपण असते, त्यावरही छापते. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सांगितले, की लक्षणे नसलेल्या आणि कमी धोका असलेल्या प्रौढांचा ईसीजी चाळणी म्हणून काढू नये. पॅकेजमध्ये मिळतो म्हणून दरवर्षी ईसीजी काढणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला हे पटत नाही. मला ते पटते.

खेळाडूंबाबत वाद अजून चालू आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा ईसीजी सक्तीचा केला. व्हेनेतो प्रांतातल्या नोंदींप्रमाणे तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून २००४ पर्यंत ०.४ वर आले, म्हणजे ८९ टक्के घट. आकडा डोळे दिपवणारा आहे. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला. तिथे कायद्याच्या आधीची आणि नंतरची बारा-बारा वर्षे ताडून पाहिली तेव्हा प्रमाण २.५४ आणि २.६६ असे निघाले, म्हणजे काहीच फरक नाही. इटलीच्या अभ्यासात तुलनेची सुरुवात वाईट वर्षांपासून झाली होती, असा आक्षेप आहे. जपानने १९७३ पासून शाळकरी मुलांच्या हृदयाची तपासणी सुरू ठेवली आहे आणि तिथे जन्मजात तालबिघाड असलेली मुले सापडून औषधांवर येतात. त्यातलाच ‘लाँग क्यूटी’ हा दोष दर दोन हजारांत सुमारे एका बाळाला असतो, हे इटलीतल्या ४४ हजारांहून अधिक नवजात बाळांच्या ईसीजींवरून कळले. ज्या घरात कोणी तरुण माणूस झोपेत, पोहताना किंवा धावताना अचानक गेला असेल, त्या घरातल्या इतरांचा ईसीजी काढलाच पाहिजे, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

उतारवयात एट्रियल फिब्रिलेशन हा तालबिघाड होतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. तो अनेकांना जाणवतच नाही आणि रक्त पातळ करणारी औषधे उपलब्ध आहेत. चाळणीसाठी आदर्श आजार वाटतो. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या २८,७६८ माणसांवर अभ्यास झाला. निम्म्यांना बोलावून, त्यांपैकी जे आले त्यांना हातात धरायचे छोटे ईसीजी यंत्र दोन आठवड्यांसाठी दिले. सुमारे सात वर्षांनी लाभ दिसला, पण अगदी थोडा. डेन्मार्कमध्ये सुमारे सहा हजार वृद्धांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या छातीच्या कातडीखाली सतत नोंद घेणारे छोटे यंत्रच बसवले. त्यांच्यात बिघाड ३२ टक्क्यांना सापडला, इतरांत १२. औषधे दुपटीहून अधिक लोकांना सुरू झाली. पक्षाघात मात्र ५.६ टक्क्यांवरून ४.५ वर आला, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. दोन्ही निकाल २०२१ चे. जितके बारकाईने ऐकावे तितके क्षणभराचे, निरुपद्रवी तालबिघाडही ऐकू येतात, आणि त्या प्रत्येकाला औषध लागत नाही.

मनगटी घड्याळांचेही तेच. अमेरिकेत चार लाख एकोणीस हजार माणसांच्या घड्याळांवर एक अभ्यास झाला. त्यात घड्याळ प्रकाशाने नाडी पाहत होते आणि शंका आली की माणसाला ईसीजीची चिकटपट्टी पाठवली जाई. सूचना अर्ध्या टक्क्याला मिळाली. ज्यांनी पट्टी लावून परत पाठवली त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत बिघाड सापडला. घड्याळ विकत घेणारे बहुतेक तरुण, आणि हा आजार म्हाताऱ्यांचा. ज्यांना चाळणी हवी त्यांच्या मनगटावर ती नाही.

मग आले कृत्रिम बुद्धिमत्तेचे वाचन, आणि इथे मी खरोखर चकित झालो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने सुमारे ४५ हजार रुग्णांच्या ईसीजींवर संगणकाला शिकवले आणि जवळजवळ ५३ हजार इतर रुग्णांवर तपासले. हृदयाची पंपशक्ती घटली आहे का, हे एरवी सोनोग्राफीसारख्या इकोने कळते. संगणकाने ते साध्या पट्टीवरून सुमारे ८६ टक्के वेळा बरोबर सांगितले. अनुभवी हृदयतज्ज्ञाच्या डोळ्यांनाही त्या पट्टीत ते दिसत नाही. टाळ्यांच्या आवाजातून हॉलमध्ये किती माणसे दमली आहेत हे ओळखण्यासारखेच हे.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. समजा दहा हजार माणसे तपासली आणि त्यांतल्या शंभरांची पंपशक्ती खरोखर घटलेली आहे. ८६ टक्क्यांच्या चाचणीत त्यांतले ८६ सापडतील, १४ निसटतील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी १४ टक्के, म्हणजे १,३८६ जणांवरही शिक्का बसेल. एकूण १,४७२ माणसे घाबरून इकोच्या रांगेत, आणि त्यांतला दर सतरावा माणूस खरा आजारी. शहरात हे निभावेल. जिथे इको करायला शंभर किलोमीटर जावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते, तिथे या सोळा निरोगी माणसांचे काय? संगणकाचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा हिशेब क्वचित असतो. चाचणी किती हुशार आहे यापेक्षा आजार किती जणांत आहे यावर चाळणीचे नशीब ठरते. मेयोच्याच पुढच्या अभ्यासात, २२,६४१ माणसांवर, ज्यांचा ईसीजी काही कारणाने डॉक्टरांनी आधीच काढला होता त्यांच्यासाठी हे वाचन वापरले. घटलेली पंपशक्ती १.६ ऐवजी २.१ टक्क्यांत सापडली. हजारी पाच माणसे जास्त. गावभर ईसीजी काढत फिरण्यापेक्षा, निघालेल्या ईसीजीतून आणखी काही काढून घेणे हाच या तंत्राचा योग्य उपयोग, असे मला वाटते.

मेंदूबद्दल थोडक्यात. जर्मनीत येना इथल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि पाच वर्षे स्वतःवरच शंका घेत १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. फेफऱ्याच्या रुग्णासाठी या लहरींची नोंद, म्हणजे ईईजी, अनमोल आहे. चाळणी म्हणून ईईजी चालत नाही. ब्रिटिश हवाई दलाने १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी काढले तेव्हा अर्ध्या टक्क्यात फेफऱ्यासारख्या लहरी सापडल्या, आणि ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला त्यांतल्या एकालाच फेफरे आले. उलट फेफरे असलेल्या अनेकांचा पहिला ईईजी साफ येतो. मेंदूच्या लहरींतून नको ते वाचण्याची हाव किती दूर जाते, हे आपण पुण्यात पाहिले आहे. २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात अशा चाचणीचा निष्कर्ष दोषसिद्धीत विचारात घेतला गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचण्या करण्याला बंदी केली. नैराश्य, स्वमग्नता, विस्मृती ईईजीवरून आधीच ओळखण्याचे दावे आज रोज येतात. त्यांतला एकही अजून चाळणीच्या लायकीचा नाही.

चेतांचे वेगमापन हाही याच घराण्यातला प्रकार आहे. कुष्ठरोगात हातापायाच्या चेतेतले विजेचे वहन संवेदना जाण्याच्या काही आठवडे आधी बिघडते, हे उत्तर भारतातल्या एका अभ्यासात दिसले. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या, अजूनही कुष्ठरोग असलेल्या भागांसाठी हे मोलाचे ज्ञान आहे. पण ते यंत्र, तो तंत्रज्ञ, ते वातानुकूलित दालन खेड्यात नेता येत नाही. तिथला आरोग्यसेवक बॉलपेनच्या टोकाने तळहाताला स्पर्श करून विचारतो, कळले का? मधुमेह्याच्या पायाला नायलॉनचा धागा टेकवतात, कंपनकाटा लावतात. तेवढ्याने पुष्कळ पाय वाचतात.

आणि शेवटी कान. इथे विजेच्या चाळणीने जे केले आहे ते इतर कुठल्याही अवयवात केलेले नाही, म्हणून मी सगळ्यात आवडीने इथे थांबतो. हजारी एक-दोन बाळे दोन्ही कानांनी फारच कमी ऐकणारी जन्मतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त. बाळ हसते, पाहते, रडते, आईच्या चेहऱ्याकडे वळते. घरात कुणाला शंका येत नाही. दीड वर्षाचे झाले, बोलत नाही, तर आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. तिसऱ्या वर्षी कळते, तोवर मेंदूत भाषा रुजण्याचा सुपीक काळ निघून गेलेला असतो. १९९८ मध्ये कोलोरॅडोच्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी दाखवले, की सहा महिन्यांच्या आत बहिरेपण सापडलेल्या मुलांची भाषा नंतर सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली वाढते.

हे बहिरेपण शोधणाऱ्या विजेच्या चाचणीला आपल्याकडे सगळे ‘बेरा’ म्हणतात. बाळाला दूध पाजून झोपवायचे, कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात बारीक टिकटिक सोडायची. कानाची चेता आणि मेंदूचा बुंधा प्रत्येक टिकटिकीला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पाच लहान लाटांनी उत्तर देतात. ते उत्तर मेंदूच्या इतर गोंगाटात पूर्ण बुडालेले असते. म्हणून हजार-दोन हजार टिकटिकींची उत्तरे एकावर एक रचून सरासरी काढतात. गोंगाट दर वेळी वेगळा असल्याने एकमेकांत विरतो, उत्तर दर वेळी तेच असल्याने वर येते. बाळाने काही सांगायची गरज नाही. ओएई नावाची दुसरी, आणखी झटपट चाचणी आहे. ती विजेची नसून कानाच्या आतून परत येणारा बारीक आवाज ऐकते. पण ज्या बाळाचा कान चांगला आणि चेता बिघडलेली, ते ओएईत उत्तीर्ण होते. म्हणून अतिदक्षता विभागातल्या बाळाला बेराच हवी. पहिल्या दिवशी कानात राहिलेल्या ओलाव्यामुळे बरीच बाळे चाळणीत अडकतात. पुन्हा तपासले की बहुतेक सुटतात. आईबापांना हे आधी सांगितले तर ती घाबरत नाहीत.

इथे विल्सन-युंगनरच्या अटी एकेक करून पुऱ्या होतात. आजार मोठा, काळ हातात असलेला, चाचणी न दुखणारी, आणि पुढे श्रवणयंत्र, कॉक्लियर इम्प्लांट, वाचाउपचार, खूणभाषा असा स्पष्ट रस्ता. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगभरचा नियम. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आहे. मुंबईत वांद्र्याला याच विषयाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. चाचणी ठाऊक आहे, योजना कागदावर आहे, आणि तरीही तालुक्याच्या कितीतरी प्रसूतिगृहांतून बाळ कान न तपासता घरी जाते. माझी तक्रार इथे आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये नळकांडे धरायला लोक रांगा लावतात आणि जी विजेची चाचणी खरोखर एक आयुष्य बदलते ती मागायला कुणी जात नाही.

तळमजल्यावरच्या काकूंच्या साखरेची आणि पोटाची रीतसर तपासणी नंतर झाली, स्वादुपिंडात काही दोष नव्हता. गोळ्यांचे पैसे गेले ते गेले. काकांच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे आणि ते जिना चढतात. आमच्याच इमारतीत फेब्रुवारीत एक मुलगी जन्मली. तिच्या आईला मी बेराबद्दल सांगितले, तेव्हा ती म्हणाली, काका, डिस्चार्जच्या कागदात तर याबद्दल काहीच नाही. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी बाळ जन्मले असेल तर तो कागद काढून पाहा. कानाच्या तपासणीची नोंद नसेल तर बाळ महिन्याचे व्हायच्या आत जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि बेरा किंवा ओएई करून द्या म्हणून सांगा.